चार तारा आणि काळी पाच

आमच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवणारी पोरगी लग्न होऊन नांदेडला गेली आणि जाताना कीबोर्ड घेऊन गेली. तो तिचाच होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. पण त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात आमचं गाणं इतकं पोकळ वाटायला लागलं, की दोन गाणी झाल्यावर ताई पाणी पिण्याच्या निमित्ताने थांबल्या आणि मागे वळून आमच्याकडे बघत राहिल्या. आमच्यातलीच कुणीतरी गायची थांबली आहे, असं त्यांना वाटलं होतं.

पार्टी म्हणजे फार मोठं काही नाही. परळीत आमच्या वस्तीतल्या पाच-सहा बायका विहारात जमून प्रबोधनाची गाणी बसवतो. जयंतीला, गृहप्रवेशाला, कुणाच्या पुण्यस्मरणाला बोलावतात तिथे जातो. ताई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. हार्मोनियम त्यांची आणि मुख्य गळाही त्यांचाच. ढोलकीवर मावशी. ती मंडईत पालेभाजी विकते, साठीच्या आसपासची आहे, आणि नात्याने कुणाचीच मावशी नसून सगळ्यांची मावशी आहे. बाकी आम्ही मागे कोरस. मी ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. कोरसमध्ये अकरा वर्षं काढली, पण माझा आवाज असा की ताई मला नेहमी कडेला, माईकपासून लांब उभं करायच्या. तोंडावर कधी बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

पोकळ का वाटतं, ते दोन दिवसांनी ताईंनाच कळलं. ती पोरगी डाव्या हाताने खालचे जाड सूर धरून ठेवायची. आम्हाला ते कधी वेगळे ऐकू आले नव्हते. आता नसल्यामुळे ऐकू येत होते.

लातूरला माझ्या चुलतभावाकडे इंजिनिअरिंग कॉलेजच्या दिवसांतली एक बेस गिटार कपाटावर पडून होती. लग्नानंतर त्याने तिला हात लावला नव्हता. मी विहारातच सगळ्यांसमोर म्हणून बसले, की मी शिकते. त्या बोलण्यामागे पार्टीचं भलं किती होतं आणि माईकपासून लांब उभं राहण्याचा कंटाळा किती होता, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

गिटार आली ती एका जुन्या चादरीत गुंडाळून. चार तारा, प्रत्येक तार काळी पडलेली, बोट फिरवलं की बोटावर गंजाची रेघ. माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत जेवढी लांबी, त्याहून तिचा दांडा लांब. पहिल्या आठवड्यात घरी जे कुणी आलं त्याने एकच प्रश्न विचारला: उरलेल्या दोन तारा कुठं गेल्या? शेजारणीने विचारला, दूधवाल्याने विचारला, आमच्या प्राध्यापकांनी तर विचारून वर समजावून सांगितलं की गिटारला सहा तारा असतात. बेसला चारच असतात, असं सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर, फसली बिचारी, असं काहीतरी यायचं. मग पुढचा प्रश्न: एखादं गाणं वाजवून दाखवा ना. बेसवर गाणं वाजवत नाहीत, गाण्याच्या खालून वाजवतात. हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी, येत नाही अजून, एवढंच म्हणायला लागले. ते खरंही होतं.

बेस नुसती वाजवली तर डासाएवढी ऐकू येते. म्हणून मी ती घरातल्या टीव्हीच्या मोठ्या स्पीकरला जोडली. मोबाईलवरच्या व्हिडिओत एक जण हिंदीत सांगत होता की पाच मिनिटांत पहिली ओळ वाजवा. मी तिसऱ्या दिवशी जाड तार जोरात ओढली तेव्हा स्पीकरमधून फाटक्या पत्र्यासारखा आवाज आला आणि त्यानंतर त्या स्पीकरवर बातम्या देणारी बाईसुद्धा घसा बसल्यासारखी बोलायला लागली. आत कागदाचा पडदा असतो, तो फाटला होता. नवऱ्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. त्याने स्पीकर उघडून बघितला आणि परत बंद केला.

"हे सायकलच्या ट्यूबमध्ये ट्रॅक्टरची हवा भरल्यासारखं झालं," तो म्हणाला. एवढंच. त्या मोसमातले क्रिकेटचे सामने त्याने आवाज बंद करून बघितले.

मग लातूरहून एक छोटा अँप्लिफायर मागवला. दुकानदाराने दिला तो साध्या गिटारचा निघाला, बेसचा नाही, हे मला चार महिन्यांनी कळलं. पण त्याआधीचा ताप वेगळाच होता. चालू केला की तो घूंऽऽ करायचा. मी वाजवलं तरी घूं, नाही वाजवलं तरी घूं. तारांना हात लावला की थांबायचा, हात काढला की पुन्हा सुरू. मला वाटलं केबल खराब आहे. नवी केबल घेतली. घूं. मला वाटलं गिटारचं बटण खराब आहे, कारण आमच्याकडे औष्णिक वीज केंद्राची राख सगळीकडेच बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते तशी बटणातही बसली असणार. बटण साफ करून घेतलं. त्याची खरखर गेली, घूं राहिली. मग अँप्लिफायरच बदलला. यावेळी बेसचा, मोठा, उचलताना कंबर धरणारा. तो आणखी भारदस्त आवाजात घूं करायला लागला.

शेवटी वस्तीतला एक वायरमन काका पंख्याच्या कामाला आला होता, त्याने चहा पिता पिता तो आवाज ऐकला. माझ्या हातात तारा, माझ्या हाताने आवाज थांबतो, हे बघून तो थेट घरामागे गेला. अर्थिंगच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला. खड्डा कोरडा खडखडीत होता. त्याने एक बादली पाणी आणि ओंजळभर मीठ मागितलं, दोन्ही आत ओतलं, आणि घरात येऊन म्हणाला, लावा आता. आवाज जवळजवळ गेला होता.

आमच्या प्रयोगशाळेत पोरं उत्तर चुकलं की मोजायच्या नळीला, ब्युरेटला, दोष देतात. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, असं मी त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. आणि घरी केबल बदलली, बटण साफ केलं, अख्खा अँप्लिफायर बदलला, पण ज्या भिंतीतून वीज येते तिच्याकडे बघितलं नाही. तेही वीज तयार करणाऱ्या गावात राहून.

आवाज साफ झाल्यावर माझं वाजवणं साफ ऐकू यायला लागलं. ते काही चांगलं झालं नाही. तरी मी नेटाने लागले होते. सकाळी डबा भरून झाला की वीस मिनिटं, संध्याकाळी अर्धा तास. बोटांना फोड आले, फुटले, कडक झाले. व्हिडिओतला माणूस जे काही शिकवायचा ते सगळं मोकळ्या जाड तारेवरून सुरू व्हायचं. आमच्या ताई मात्र काळी पाचमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी सा धरून गातात. काळी पाचचा सा बेसवर सापडतो तो दुसऱ्या तारेच्या पहिल्याच घरात, म्हणजे दांड्याच्या अगदी टोकाला, जिथे माझा हात जेमतेम पोचायचा आणि पोचला तरी तार दाबायला अंगठ्यापासून खांद्यापर्यंत जोर लागायचा. प्रत्येक ओळ फिरून सा या सुरावर येते. म्हणजे प्रत्येक ओळीला मला त्या टोकाला जायचं. मी ताईंना एकदा विचारून बघितलं की आपण काळी चारमध्ये गाऊया का. त्यांनी हार्मोनियमवरून मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

त्यावर मीच उपाय शोधला, आणि तो माझ्या सगळ्या उपायांपैकी सर्वांत वाईट होता. चारही तारा अर्ध्या सुराने वर ताणल्या. आता मोकळी दुसरी तार हाच सा झाला. हात टोकाला न्यायची गरज संपली. पंधरा दिवस मी स्वतःवर खूश होते. मग तारा दांड्यापासून उंच उंच व्हायला लागल्या. वरच्या घरांत तार दाबायला पूर्वीपेक्षा दुप्पट जोर लागायला लागला. मला वाटलं माझी बोटं थकलीत. प्रत्यक्षात वाढलेल्या ताणाने आधीच बाक आलेला दांडा धनुष्यासारखा वाकत चालला होता.

त्या वाकलेल्या दांड्यानिशी मी माझा पहिला कार्यक्रम केला. वडवणीला, एका मंगल कार्यालयात, संध्याकाळी. नवी साडी, खांद्यावर पट्टा, पदर पट्ट्यात अडकू नये म्हणून तीन पिना. साउंडवाल्याने माझी वायर कुठेतरी खोचली आणि हाताने ठीक आहे अशी खूण केली. मी सात गाणी वाजवली. चुका झाल्या, पण मधेमधे असंही वाटलं की जमतंय. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या की मला त्यातल्या चार-दोन आपल्या वाटायच्या.

सामान गुंडाळताना मी साउंडवाल्याला विचारलं की माझा आवाज कसा येत होता. तो वायरी गोळा करत होता. त्याने जराही न लाजता सांगितलं, की ताई, पहिल्या गाण्यात लई घुमायलं म्हणून तुमचं बंद केलं होतं. पुढची सहा गाणी मी बंद पडलेल्या वायरीवर वाजवली होती. हॉलभर माणसं होती, पार्टीतल्या चार बायका माझ्या शेजारी होत्या, आणि कुणालाच फरक जाणवला नव्हता. मला स्वतःलाही नाही. कारण ढोलकी माझ्या कानाशीच होती.

परतीच्या जीपमध्ये ताई म्हणाल्या, छान झालं हं.

घरी आल्यावर राग काढायचा कुणावर, तर गिटारवर. दांडा वाकलाय हे एव्हाना डोळ्यांना दिसत होतं. दांड्याच्या आत एक लोखंडी सळई असते, ती किल्लीने पिळली की बाक निघतो, हे मी वाचलं होतं. गॅरेजमध्ये नवऱ्याकडे सगळ्या मापांच्या किल्ल्या आहेत, पण बेसच्या मापाची नव्हती. जवळची एक होती. त्याने ती लावली. मी थांब म्हणाले, तो म्हणाला आता फिरतेय. ती फिरत होती कारण आतल्या नटाचे कोपरे घासून गोल होत होते. त्यानंतर त्या नटाला जगातली कुठलीच किल्ली बसली नसती.

"तुझ्या गाडीचं इंजन असतं तर मी दुरुस्त केलं असतं," नवरा म्हणाला. माझ्याकडे गाडी नाही.

मग मी नवी बेस घेतली. यावेळी स्वतः लातूरला गेले, भावाला बरोबर घेतलं नाही, दुकानातल्या चार बेस हातात घेऊन बघितल्या. आखूड दांड्याची एक होती. दुकानदार म्हणाला ही लहान हातवाल्यांसाठी असते, मोठे वाजवणारे घेत नाहीत. मी म्हणाले मोठे वाजवणारे काळी पाचमध्ये वाजवतात का ते सांगा. त्याला प्रश्न कळला नाही. मी ती घेतली. काळी पाचचा सा आता हाताच्या टप्प्यात होता. त्या दुकानातून घरी येईपर्यंत मला मनापासून वाटत होतं की आजवरचा सगळा दोष त्या जुन्या लाकडाचा होता.

त्यानंतर आणखी एक वस्तू मागवली. माझे सूर कधी मोठे कधी बारीक येतात असं मला वाटत होतं. ते सगळे सारख्या उंचीचे करणारी, पायाने दाबायची एक डबी मिळते. तिचं नाव कॉम्प्रेसर. पत्ता गॅरेजचा दिला होता. कुरिअरवाल्याचा फोन नवऱ्याने घेतला आणि दुपारी मला विचारलं की कॉम्प्रेसर कुणी मागवलाय, आपला चांगला चालू आहे. पार्सल आल्यावर गॅरेजमधल्या दोन गिऱ्हाइकांसमोर त्याने ते उघडलं. आत साबणाच्या वडीएवढी डबी. त्या दोघांपैकी एकाने विचारलं की याने चारचाकीत हवा भरते का. पुढचे सहा महिने वस्तीत मला तोच प्रश्न ऐकावा लागला.

नवी बेस, बेसचा अँप्लिफायर, नव्या तारा, साफ अर्थिंग, हवा न भरणारा कॉम्प्रेसर. आता बोट ठेवायला काही उरलं नव्हतं. विहारात तालमीला कोरसमधल्या एकीने मोबाईलवर अख्खं गाणं रेकॉर्ड केलं आणि सगळ्यांना पाठवलं. मी ते कॉलेजात, रिकाम्या प्रयोगशाळेत, कानाला लावून ऐकलं.

मी प्रत्येक ठोक्याला उशिरा येत होते. फार नाही, केसभर. पण प्रत्येक ठोक्याला. आणि एक सूर संपून दुसरा सुरू झाला तरी पहिला तसाच घोंगावत राहायचा, म्हणजे दोन-दोन, तीन-तीन सूर एकमेकांत मिसळून खाली चिखल झालेला. वडवणीच्या साउंडवाल्याला मी दोन महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी मला वाटलं, त्याच्या जागी मी असते तर मीही बंदच केलं असतं.

संध्याकाळी मी मावशीकडे गेले. ताईंकडे जायचं धाडस नव्हतं. मावशी नुकतीच मंडईतून आली होती आणि उरलेल्या मेथीच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळत होती. मी तिला रेकॉर्डिंग ऐकवलं आणि विचारलं की काय चुकतंय. तिने ते पूर्ण ऐकलंही नाही.

"सूर बरोबर हायत तुझे," ती म्हणाली. "पर तू माझ्या मागं मागं येतीस. आन् धरलेला सूर सोडायचा कवा, हे तुला म्हाईतच न्हाई."

मी विचारलं, हे तू आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू इच्यारलं न्हाईस. दर महिन्याला काय काय नवीन आणत होतीस, म्हणलं त्यानं व्हत असंल नीट.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सहाला तिच्या ओट्यावर जायला लागले. ओट्यावर प्लग नव्हता. मी म्हणाले अँप्लिफायरशिवाय ऐकू येणार नाही. तिने बेसची कड बाजेच्या लाकडी दांडीला टेकवायला लावली. लाकडाला लाकूड लागल्यावर आवाज बऱ्यापैकी वाढला. तीन वर्षं जमवलेलं सगळं सामान घरी, आणि मी बाजेला गिटार टेकवून बसलेली.

पहिले दहा दिवस तिने मला एकच सूर वाजवू दिला. सा. ती ढोलकीवर डाव्या हाताने जो घुमारा काढते, बरोबर त्याच्यावर सा वाजवायचा, आणि पुढची थाप पडायच्या आत तो बंद करायचा. एवढंच. वाजवणं चार दिवसांत जमायला लागलं. बंद करणं जमेना. तार दाबलेलं बोट नुसतं उचललं तर ती कुरकुरत राहते. पूर्ण दाबून ठेवलं तर सूर चालूच. बोट अर्धवट सैल करायचं आणि उजवा तळवा हलकेच टेकवायचा, आणि हे दोन्ही थापेच्या आत. मी चुकले की ती काहीच सांगायची नाही. ढोलकी थांबवायची आणि म्हणायची, परत. मी विचारायचे, काय चुकलं? ती म्हणायची, परत.

शिकवणारी बाई काय चुकलं ते सांगत नाही याने माझं डोकं फिरायचं. मी विज्ञानाची पदवीधर. मला मात्रा पाहिजे होत्या, सम कुठे आहे ते पाहिजे होतं, कागदावर लिहून पाहिजे होतं. एका संध्याकाळी मी वही घेऊनच गेले आणि तिला म्हणाले की मला एकदा मोजून दाखव.

"मोजाया बसलीस तर ऐकशील कवा?" तिने विचारलं, आणि वही माझ्या हातातून घेऊन मेथीच्या टोपलीत ठेवली.

मी मग मोबाईलमध्ये टिक-टिक करणारं मेट्रोनोम घेतलं. तिच्यासमोर एकदा लावलं, तर तिने मोबाईल उचलून गोणपाटाखाली सरकवला. घरी मात्र मी सकाळी त्याच टिकटिकीवर सराव करत राहिले आणि त्याचा मला चांगला उपयोग झाला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. कॉम्प्रेसरची डबी एकदा बंद करून वाजवून बघितली. सूर वर-खाली येत होते ते माझ्या उजव्या हाताचं बोट तारेला कधी नखाने कधी कडेने लागत होतं म्हणून. ते एका जागी ठेवायला शिकले. नव्या बेसचा खर्च मात्र मला वाया गेला असं कधी वाटलं नाही. त्या जुन्या लांब दांड्यावर मी साठीपर्यंत बसले असते तरी काळी पाच सुखाने वाजली नसती. कुठली वस्तू खरंच हवी होती आणि कुठली मी आपली समजूत घालायला घेतली, हे सगळं घेऊन झाल्यावरच कळलं, आणि तोवर परत करायची मुदत गेली होती.

दहा दिवसांनी तिने दुसरा सूर दिला. महिनाभराने एक अख्खं गाणं. तेवढ्या काळात आमची दोनदा भांडणं झाली. एकदा मी आठ दिवस गेले नाही. नवव्या दिवशी मी मंडईत भाजी घ्यायला गेले, तिने जुडी पिशवीत टाकली आणि विचारलं, "कावून येईनास?" मी म्हणाले काम होतं. ती म्हणाली, बरं. त्या संध्याकाळी गेले.

पावसाळ्यात युसूफ वडगावला गृहप्रवेशाचा कार्यक्रम होता, दुपारचा. चार दिवस झड लागलेली. ओल्या हवेने ढोलकीचं चामडं सैल पडलं होतं आणि थाप टाकली की उशीवर मारल्यासारखी वाजत होती. मावशीने वंदनेच्या आधी ती चुलीच्या धगीला धरली. ती दर पावसाळ्यात धरते. या वेळी मात्र शेकून ताणायला गेली आणि कडेला चामडं फाटलं. आवाज झाला तसा आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात धावलो. ती ढोलकी मांडीवर घेऊन बसली होती आणि फाटलेल्या जागेवरून बोट फिरवत होती.

घरमालकाने गावात माणूस पाठवला. गावात एकाकडे ढोलकी होती, पण तो ती घेऊन सकाळीच केजला गेलेला. मांडवात माणसं बसली होती. ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की तुझ्यावर चालेल का. मी नाही म्हणणार होते. मावशी मागून म्हणाली, चालंल. मला न विचारता.

ती ढोलकीशिवाय कोरसमध्ये जाऊन बसली, माझ्या अगदी समोर. आम्ही पाच गाणी म्हटली. खाली माझी बेस, वर हार्मोनियम, बायकांच्या टाळ्या, आणि काही नाही. पहिलं गाणं मी श्वास धरून काढलं. दुसऱ्यात पळाले, ताईंना मला गाठायला शब्द घाईने म्हणावे लागले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्यापासून मी मधले कलाकुसरीचे सूर सगळे टाकून दिले. नुसता सा आणि प, वाजवायचा आणि बंद करायचा. चौथं गाणं मोठं होतं, सहा कडव्यांचं. त्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी मावशीच्या हाताकडे बघत नाहीये. तिचे हात टाळी वाजवत होते आणि ती टाळी माझ्या सुरावर पडत होती.

कार्यक्रम संपल्यावर घरमालकाने ताईंच्या आवाजाचं कौतुक केलं, आणि ढोलकी नव्हती तरी काही अडलं नाही, असंही म्हटलं. बेसबद्दल कुणी काही बोललं नाही. एका आजींनी जेवताना मला विचारलं की त्या सतारीला चारच तारा का. मी सांगितलं, चारच असतात.

जीपमध्ये मावशी फाटकी ढोलकी पायाशी घेऊन माझ्या शेजारी बसली. मला वाटलं काहीतरी म्हणेल. केज मागे पडलं, अंबाजोगाई मागे पडलं, तेव्हा म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात पळालीस." मी इतकी वैतागले की परळी येईपर्यंत तिच्याकडे बघितलं नाही.

ढोलकीला नवं चामडं बसवून मिळायला तीन आठवडे गेले. ती आली त्या दिवशी मी नेहमीसारखी सहाला गेले. नवं चामडं कडक होतं, तिच्या हाताला ओळखीचं नव्हतं, आणि ती सारखी त्याच्या कडा दाबून बघत होती. आम्ही त्याच मोठ्या गाण्याला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात मला काहीतरी टोचल्यासारखं झालं. मी आधी माझी बोटं तपासली, सवयीने. ती बरोबर जागी होती. मग नीट ऐकलं. मी हात थांबवला.

"मावशी, तू मागं राहतीयस," मी म्हणाले.

तिने थाप थांबवली. माझ्याकडे बघितलं, मग चामड्याकडे. उजव्या तळव्याने ते एकदा पुसलं.

"व्हय," ती म्हणाली. "कडक हाय अजून. दुसऱ्या कडव्यापासून घे."